गज मुठीत, बोट तारेवर

गेल्या ऑक्टोबरात, पन्नाशीला सहा महिने उरले असताना, चौदा माणसांसमोर माझ्या हातून व्हायोलिनचा गज खाली पडला. पडला तर पडला. पण त्यानंतर मी जे केलं त्याला सगळे हसले, आणि तिथून नाताळपर्यंत मी कोणावर ना कोणावर भडकलेलीच होते. घरचे वैतागले, ऑफिसातले वैतागले. मला त्याचं काही वाटलं नाही.

अंधेरीत एका जुन्या गावठाणातल्या चर्चच्या मागे हॉल आहे. तिथे दर शनिवारी सहा वाजता आमचा वाद्यवृंद जमतो. वाद्यवृंद म्हणजे पंधरा जण, सगळे हौशी. बहुतेक त्या गावठाणातले, घरात मराठी बोलणारे ख्रिस्ती. आम्ही तिघं हिंदू. आमचं वादन बसवणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे. तरुणपणी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. त्यांना साठीच्या बायकाही अंकल म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मी तिथे गेले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. व्हायोलिन मला येत होतं, पण आपल्या पद्धतीचं. खाली मांडी घालायची, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्याजवळ टेकवायचं आणि राग वाजवायचे. नवव्या वर्षापासून अकरा वर्षं मी घाटकोपरला एका मास्तरांकडे तसंच शिकले होते. अंकलनी मला खुर्चीवर बसवलं, वाद्य हनुवटीखाली धरायला लावलं, कागदावर लिहिलेले सूर वाचायला शिकवलं. मान आखडली, खांदा धरला, चष्म्याचा नंबर बदलला. वर्षभरात मी सगळं शिकले. हे अशासाठी सांगते, की मी आळशी आहे असं कोणी म्हणू नये.

नाताळच्या कार्यक्रमासाठी अंकलनी स्वतः एक तुकडा लिहिला होता. त्यांच्या समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात, त्याची चाल. बायका चालतात तिथे तारा बोटाने छेडायच्या, बायका गातात तिथे गज ओढायचा. बायका चालतात, थांबून गातात, पुन्हा चालतात, पुन्हा गातात, असं विहिरीपर्यंत. म्हणजे छेडण्यावरून गजावर चारदा यायचं. आणि मधे वेळ किती, तर एक श्वास घ्यावा इतका. शेवटच्या वेळी तर तेवढाही नाही.

पहिल्याच तालमीला छेडायचा भाग आला आणि मी गज मांडीवर ठेवला. आमच्यात तो तिथेच ठेवतात. वाद्य लावताना तारा छेडून बघायच्या असतात, तेव्हा गज मांडीवर आडवा. खाली बसलं की मांडीचा पाट होतो, तो कुठे जात नाही. खुर्चीवर मांडी उतरती असते, हे मला एकोणपन्नास वर्षांत कधी लक्षात घ्यावं लागलं नव्हतं. गज घसरला, टाईल्सवर वाजला आणि समोरच्या स्टँडखाली गेला. मी वाकून उचलला, आणि उचलल्यावर कपाळाला लावला. डोळे मिटून. वाद्याला पाय लागला किंवा ते खाली पडलं की नमस्कार करायचा, हे इतकं अंगात मुरलेलं आहे की मी ठरवून केलं असं नाहीच. डोळे उघडले तेव्हा बाकीच्यांची अर्धी ओळ पुढे गेलेली, आणि मग एकेक जण थांबला.

अंकल म्हणाले, "काय गं बाय, आरती झाली? आता प्रसाद पण वाटून टाक ना!"

सगळे हसले. माझ्याबरोबर एकाच कागदावर वाजवणारी शेजारीणसुद्धा हसली. ती एका हॉस्पिटलात नर्स आहे, एरवी गंभीर बाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी मला वाटलं की हे लोक माझ्या देवाला हसताहेत. नंतर कळलं की ते फक्त माझ्या चुकलेल्या वेळेला हसत होते, आणि ते कळल्यावर मला जास्तच राग आला, कारण देवाचं निमित्त करून उठून जायची सोय गेली.

दुसऱ्या शनिवारी गज पुन्हा पडला. तिसऱ्या शनिवारी मी तो घट्ट धरून ठेवला, तर छेडता येईना. तालीम संपल्यावर अंकलनी मला बाजूला घेतलं.

"बाय, एक सांगू? छेडायचं येतं तिथे तू नुसता हात हलव. आवाज काढूच नको. गज आला की मस्त वाजव, ते तुझं झकास आहे. कोणाला कळत नाय गं. आम्ही रेकॉर्डिंगला पण करायचो असं."

"हात हलवू?"

"नाय तर मागे बस या वेळी. शेवटच्या तालमीपर्यंत जमलं तर जमलं, मी बघतो. टेन्शन नको घेऊ यार."

टेन्शन नको घेऊ! अकरा वर्षं ज्या बाईने रोज दोन तास रियाज केला, तिने चर्चच्या हॉलमध्ये शंभर माणसांसमोर मूकाभिनय करायचा. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "अगं मग हलव ना हात. काय बिघडतंय?" त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही, आणि त्याच्या ते लक्षात आलं की नाही हे मला अजून माहीत नाही.

मागे बसायला माझी तयारी नव्हती. खोटं वाजवायला तर मुळीच नव्हती. तेव्हा मान खाली घालून मी त्या हसलेल्या शेजारणीलाच फोन केला. ती पुढच्या शनिवारी एक तास आधी आली.

"गज ठेवायचाच नाही कुठे," ती म्हणाली. "हातातच ठेवायचा. हे बघ, खालच्या तीन बोटांनी मुठीत धर. अंगठा इथे, तारांखालच्या काळ्या पट्टीच्या कोपऱ्याला टेकव. पहिलं बोट मोकळं. त्याने छेड. आम्ही इंजेक्शन देताना कापसाचा बोळा कुठे ठेवतो? याच हातात, करंगळीपाशी. तोंडात थोडाच धरतो?"

शिवाय तिने सांगितलं की छेडण्याच्या आधीचा सूर गजाच्या धरायच्या टोकाजवळ संपव, म्हणजे गज मुठीत घ्यायला दूर जावं लागत नाही. संपलं. एवढाच क्लास. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तीन संध्याकाळी केलं आणि मला आलं. छेड, गज, छेड, गज. तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यांवर धरलं तरी चुकलं नाही.

कोणी म्हणेल की आनंद झाला असेल. मी संतापाने ओट्यावर हात आपटला. तीन संध्याकाळी! ज्या गोष्टीला तीन संध्याकाळी लागतात ती मला अकरा वर्षांत कोणी दाखवली नव्हती. दाखवली नव्हती हेही सोडा, मनाई होती.

मास्तरांचा तो नियमच होता. व्हायोलिन छेडायचं नाही. "ते काय तुणतुणं आहे?" असं ते म्हणायचे. गज हा या वाद्याचा प्राण, तो सोडला की वाद्य मेलं, असं काय काय सांगायचे. मी अकरा वर्षांची असताना एकदा ते आत चहा प्यायला गेले होते आणि मी गंमत म्हणून बोटाने टुणुक टुणुक एक गाणं काढलं. ते कप हातात घेऊनच बाहेर आले. ओरडले नाहीत. त्यांनी कपाटातून सुताचा गुंडा काढला आणि माझं पहिलं बोट गजाच्या काठीला बांधलं. घट्ट नाही, पण निसटणार नाही इतपत. पुढचे आठ दिवस मी तसंच शिकले. घरी सांगितलं तर माझे वडील, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करणारे, म्हणाले, "गुरू हत तुझे. बांधतलेच." मला तेव्हा त्याचा अभिमानसुद्धा वाटला होता. शाळेत मैत्रिणींना वळ दाखवला होता.

आता ओट्याशी एकटी असताना बोट मोकळं सुटायचं. पण शनिवारी अंकलचा हात वर गेला, मागून सगळ्यांचं छेडणं सुरू झालं, की ते बोट गजाला चिकटून बसायचं. उचलायचंच नाही. मी त्याच्याकडे बघतेय आणि ते माझं ऐकत नाही. माणसाला स्वतःच्या बोटाचा राग येऊ शकतो हे मला आधी खरं वाटलं नसतं. नर्सबाई म्हणाली, "तुला येतंय गं, तू घाबरतेस." मी घाबरत नव्हते. मी कोणाचं तरी ऐकत होते, आणि तो माणूस मुलुंडला राहत होता.

शेवटच्या तालमीच्या दिवशी दुपारी मी व्हायोलिन घेऊन मुलुंडला गेले. घाटकोपरची चाळ पाडल्यापासून मास्तर तिथे मुलाकडे असतात. वय त्र्याऐंशी. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे खाली बसणं बंद. त्यांच्या व्हायोलिनची मान सामान हलवताना तुटली आणि मुलाने ते कोणाला तरी देऊन टाकलं, हे मला काकूंनी मागे कधीतरी फोनवर सांगितलं होतं. काकू म्हणजे मास्तरांची बायको.

मी वर्षातून एकदा गुरुपौर्णिमेला जायची, पेढे घेऊन. या वेळी रिकाम्या हाताने गेले आणि पायाही पडले नाही. मास्तर खिडकीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी विचारलं, "मास्तर, व्हायोलिन छेडायचं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी म्हणजे? आपल्यात नाही छेडत."

"आपल्यात म्हणजे कोणात? दक्षिणेतले छेडतात. गोरे छेडतात. अंधेरीला नर्स छेडते. तुमच्या गुरूंनी सांगितलं होतं?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. काकू आतून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "सांगा ना तिला एकदा. किती वर्षं झाली त्याला."

मग मास्तरांनी सांगितलं. ते माझ्याकडे न बघता बोलत होते, आणि अगदी साध्या आवाजात. तिशीत असताना त्यांना एकदा रेकॉर्डिंगला बोलावणं आलं होतं. एकदाच. वीस व्हायोलिनं होती. कागद वाचायला ते मुद्दाम शिकले होते. मधेच छेडायचं आलं. त्यांनी गज मांडीवर ठेवला.

"खुर्चीवर बसलेलो. पडला. सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागलं. परत तिथे आलं, परत पडला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं. आत ते वाजवत होते ते ऐकू येत होतं."

"मग?"

"मग काय? घरी आलो. शिकवण्या सुरू केल्या."

मला दया यायला हवी होती. आली नाही. मला एवढंच दिसत होतं की एका माणसाला एक गोष्ट जमली नाही, आणि त्याने तिला पाप ठरवून लहान मुलांना वाटलं. आम्ही दहा-बारा जण होतो त्यांच्याकडे. आम्ही ते पाप म्हणूनच घेतलं. मीही खुर्चीवर बसून गज तसाच पाडला, आणि वर नमस्कार केला.

"आणि माझं बोट का बांधलंत?" मी ओरडलेच. "न जमणाऱ्याने न शिकवावं, तेवढं पुरे होतं. बांधलंत का?"

"तुझा गज पडू नये म्हणून," ते म्हणाले.

ते खरं बोलत होते, आणि तेच मला सहन झालं नाही. मी पेटी उघडली, व्हायोलिन काढलं आणि त्यांच्या छातीशी धरलं. "घ्या. मुठीत धरा गज. खालची तीन बोटं. अंगठा इथे."

त्यांनी घेतलं. चार सूर छेडायचे आणि एक लांब ओढायचा, अंकलच्या तुकड्यातला पहिलाच बदल. पहिल्यांदा गज निसटून त्यांच्या पोटावर पडला. दुसऱ्यांदा बोट तारेला लागलंच नाही. मी दर वेळी गज उचलून त्यांच्या मुठीत कोंबत होते. शिकवत होते असं मी म्हणणार नाही. मला ते चुकताना बघायचे होते. सातव्यांदा की आठव्यांदा काकू म्हणाल्या, "पुरे गो आता, हात कापताहेत त्यांचे." मी म्हटलं, "तुम्ही मधे बोलू नका, काकू." आयुष्यात त्यांच्याशी असं बोलले नव्हते.

आणि मग मास्तरांनी चार सूर छेडले, मुठीतला गज बोटांत आला आणि लांब सूर निघाला. थोडा थरथरता, पण वेळेवर.

त्यांनी गज खाली घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढंच होतं गो?"

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा आलं. मग त्यांनी सूर बदलले, कुठलीतरी आपलीच चाल घेतली, दोन छेडायचे, एक ओढायचा, दोन छेडायचे. हसत होते. काकू तोंडाला पदर लावून दारात उभ्या. मी पेटीची कडी उघडबंद करत होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की यांना आता मजा येतेय. आठ दिवस माझं बोट बांधून ठेवणाऱ्या माणसाला माझ्या व्हायोलिनवर मजा येतेय.

"मास्तर, मला तालमीला जायचंय."

"अजून एकदा."

"उशीर होतोय."

"एकदाच गो, ही ओळ."

मी व्हायोलिन त्यांच्या खांद्यावरून काढलं. गज मुठीत होता. त्यांनी लगेच सोडला नाही, तेव्हा मी त्यांची तीन बोटं एकेक करून उघडली. बोटं गार होती. त्यांनी विरोध केला नाही.

त्या संध्याकाळी माझे चारही बदल आले. बोट पहिल्या खेपेलाच सुटलं. नर्सबाईने वाजवता वाजवता मला कोपर मारलं. अंकल म्हणाले, "आला की गं बाय! कोणी शिकवलं?" मी म्हटलं, हिने. नाताळच्या कार्यक्रमात मी पुढच्या रांगेत बसले आणि खरं वाजवलं, शेवटच्या बदलाला कणभर उशीर झाला तो सोडला तर. नवरा म्हणाला, छान झालं. त्यांच्या लोकांनी केक दिला. माझी जागा राहिली.

मास्तरांवरचा राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. मधे काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, ते हल्ली पेन मुठीत धरून बसतात आणि मोकळ्या बोटाने खुर्चीच्या हातावर काहीतरी करतात, कधी येतेस? मी म्हटलं, ऑफिसात काम आहे.

एक गोष्ट मात्र मी अजून कोणाला सांगितलेली नाही. त्या शनिवारी मला उशीर होत नव्हता. तालीम सहाला होती. मी मुलुंडहून निघाले तेव्हा चार वाजले होते, रिक्षाला ट्रॅफिक लागलं नाही, आणि मी पोचले तेव्हा हॉलला कुलूप होतं. पाऊण तास मी पायरीवर बसून होते. व्हायोलिन पेटीत होतं. त्या पाऊण तासात त्यांची ती ओळ झाली असती.